नॅरोबोटीवर टीव्ही बसवताना: आधी बॅटरी, मग अँटेना, शेवटी टीव्ही

इंग्लंडमध्ये नोकरीसाठी आलात, भाड्याच्या फ्लॅटऐवजी कालव्यावरच्या नॅरोबोटीत, म्हणजे लांबट, अरुंद पोलादी बोटीत राहायचं ठरवलंत, आणि आता संध्याकाळी बातम्या, क्रिकेट, मालिका बघायला टीव्ही हवाय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. जुन्या बोटवाल्यांना यातलं बरंच ठाऊक असतं. नव्या माणसाला मात्र ते तुकड्यातुकड्यांनी कळतं, आणि तोवर टीव्ही घेऊन झालेला असतो.

बोटीवर टीव्हीची खरेदी सगळ्यांत शेवटी करायची. बोट कुठे उभी राहणार, वीज किती उरणार, सिग्नल कुठून येणार आणि भिंत कुठली, हे ठरलं की कुठला टीव्ही घ्यायचा हे जवळपास आपोआप ठरतं. उलट्या क्रमाने गेलात तर मोठा पडदा भिंतीवर लागतो आणि रात्री नऊला बॅटरी मान टाकते.

बोट एका जागी की फिरती?

कायमचं मूरिंग, म्हणजे बोट बांधायची हक्काची जागा असेल आणि तिथे किनाऱ्यावरून २३० व्होल्ट वीज मिळत असेल, तर तुमचं काम निम्म्याहून हलकं आहे. घरातला साधा टीव्ही चालतो, अँटेना एकदा बसवला की पुन्हा हात लावावा लागत नाही. अशांनी सरळ टीव्ही बसवण्याच्या भागाकडे जावं.

ज्यांच्याकडे कायमचं मूरिंग नाही, त्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक कालव्यांची देखभाल करणारी कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था यावर लक्ष ठेवून असते. म्हणजे दर पंधरवड्याला झाडं वेगळी, टेकड्या वेगळ्या, टीव्हीचा मनोरा वेगळा. शिवाय सगळी वीज बोटीवरच तयार करायची आणि साठवायची. पुढचं बहुतेक लिखाण या फिरत्या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून केलंय.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच उरकून घ्या: टीव्ही लायसन्स. कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण बघायचं असेल किंवा बीबीसी आयप्लेअर वापरायचं असेल तर ते लागतं. बोट हेच तुमचं घर असेल तर बोटीसाठीच काढावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याची वर्षाची फी १७४.५० पौंड होती. परदेशी वाहिनी इंटरनेटवरून थेट बघितली तरी नियम तोच, तेव्हा भारतातल्या वाहिनीवरचा थेट सामनाही त्यात येतो. नंतर सोयीने बघायच्या मालिका आणि सिनेमे, आयप्लेअर सोडून, लायसन्सशिवाय बघता येतात.

विजेचा हिशेब कागदावर मांडा

हा भाग घाईने वाचू नका. बोटीवरच्या टीव्हीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

२४ इंची एलईडी टीव्ही साधारण २५ वॅट वीज घेतो, ३२ इंची ३० ते ४५ वॅट. नेमका आकडा मागच्या पट्टीवर असतो. २५ वॅटचा टीव्ही चार तास चालवला तर १०० वॅट-तास लागतात. याला १२ व्होल्टने भागलं की सुमारे साडेआठ अँपिअर-तास. ११० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, कारण त्याहून खाली वारंवार नेली की बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हातात ५५. त्यातून फ्रिज, पाण्याचा पंप, दिवे आणि फोन भागवायचे. साडेआठ त्यात बसतात.

आता हाच टीव्ही इन्व्हर्टरवर चालवून बघा. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० करतो आणि टीव्हीचा अडॅप्टर त्याचे पुन्हा कमी करतो. दोन्ही वेळा थोडी वीज उष्णतेत जाते. त्यातच मोठा इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी १० ते २० वॅट खातो. चार तासांचा हिशेब साडेआठवरून चौदा-पंधरावर जातो. आणि झोपताना इन्व्हर्टर बंद करायचा राहिला, दिवसाही चालूच राहिला, तर २४ तासांत काहीही न बघता तीसेक अँपिअर-तास गेलेले असतात. नवीन बोटीत बॅटरी का टिकत नाही म्हणून हैराण झालेल्यांना मी आधी हेच विचारतो: इन्व्हर्टर रात्रभर चालू असतो का?

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर तिच्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात, मग हा हिशेब इतका आवळून धरावा लागत नाही.

सौर पॅनेलवर हिवाळ्यात विसंबू नका. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, आणि दिवसा असतो तोही क्षितिजालगत. टीव्ही सगळ्यांत जास्त बघितला जातो तो याच लांबलचक संध्याकाळी. इंजिन चालवून बॅटरी भरावी म्हटलं तर मूरिंगवर रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही असा ट्रस्टचा नियम आहे, आणि शेजारी झोपलेल्या बोटींचा विचार केला तर तो अगदी रास्त आहे. तेव्हा संध्याकाळची वीज आठच्या आत बॅटरीत पडलेली असली पाहिजे.

१२ व्होल्टचा टीव्ही की घरातला?

माझं मत स्पष्ट आहे. बोट फिरती असेल तर १२ व्होल्टवर थेट चालणारा टीव्ही घ्या. असे टीव्ही कॅरॅव्हॅन आणि बोटींसाठी म्हणून विकले जातात. अव्हटेक्स आणि सेलो ही त्यातली ओळखीची नावं. घरगुती टीव्हीपेक्षा महाग पडतात, पण इन्व्हर्टरचा भार वाचतो तो रोज वाचतो.

पैसे कमी असतील तर दुसरी वाट आहे. २४ इंचापर्यंतच्या बऱ्याच साध्या टीव्हींना वेगळा अडॅप्टर असतो. त्यावर बाहेर पडणारा दाब बघा. ‘१२ व्होल्ट डीसी’ लिहिलं असेल तर तो टीव्ही बोटीच्या विजेवर चालवता येतो, पण थेट जोडून नव्हे. बोटीची ‘१२ व्होल्ट’ वीज प्रत्यक्षात कधीच बारावर स्थिर नसते. बॅटरी उतरली की ती साडेअकराच्या आसपास येते, इंजिन चालू असताना चौदाच्या वर जाते, आणि काही चार्जर लेड-ॲसिड बॅटरीला मधूनमधून पंधराच्या वर नेतात. घरगुती टीव्हीचं सर्किट हे सोसण्यासाठी बनवलेलं नसतं. मध्ये एक स्टॅबिलायझर बसवायचा, जो आत ९ ते १६ व्होल्ट काहीही आले तरी बाहेर बरोबर बाराच सोडतो. टीव्हीच्या गरजेपेक्षा दीडपट क्षमतेचा घ्या. पिनेचं टोक धन आहे की ऋण, हे अडॅप्टरवरच्या खुणेवरून आणि मल्टिमीटरने दोन्हीकडून तपासा. उलटं जोडलं तर टीव्ही त्याच क्षणी जातो.

अडॅप्टरवर १९ व्होल्ट लिहिलं असेल तर १२ चे १९ करणारा कन्व्हर्टर लागेल. आणि अडॅप्टरच नसेल, २३० व्होल्टची वायर थेट टीव्हीत जात असेल, तर इन्व्हर्टरशिवाय इलाज नाही. तेव्हा तो प्युअर साइन वेव्ह प्रकारचा हवा. शक्य तर टीव्हीपुरता १५० ते ३०० वॅटचा छोटा वेगळा ठेवा. २३० व्होल्टची पक्की जोडणी मात्र स्वतः करू नका. लोखंडी बोट, भोवती पाणी आणि चुकलेलं अर्थिंग हे जिवावरचं काम आहे. बोटींचा अनुभव असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा.

स्मार्ट टीव्ही घेत असाल तर ‘लवकर सुरू होणे’ ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, कारण त्यात टीव्ही बंद दिसला तरी आतून जागा असतो. पडद्याचा उजेडही कमी करा. बोटीत अंधार लवकर पडतो, दुकानातल्या उजेडाची गरज नसते आणि वीज लक्षात येण्याइतकी वाचते.

किती इंची, आणि कुठे?

नॅरोबोटीची रुंदी ६ फूट १० इंच, कारण बोट वर-खाली नेणारी कालव्यावरची जुनी लॉक (दारं असलेले पाण्याचे हौद) जेमतेम ७ फुटांची. आतून लाकूडकाम झाल्यावर सहा फुटांच्या आसपास उरतं. दोन्ही बाजूच्या भिंती वरच्या अंगाला आत झुकलेल्या असतात. बाजूच्या भिंतीवर टीव्ही लावला तर बघणारा जेमतेम सव्वा-दीड मीटरवर बसतो आणि पडदा त्याच्याकडे किंचित वाकून बघतो. तिथे २२ किंवा २४ इंच पुरतात. बोटीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या पार्टिशनवर लावलात तर अंतर अडीच मीटरपर्यंत मिळतं आणि ३२ इंची छान दिसतो. त्याहून मोठा घेऊ नका. येण्याजाण्याची वाट एकच असते, आणि ती रोज अंग चोरून चालायची जागा होते.

पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा कापून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. डोकं आपटतं का, खिडकीचा उजेड त्यावर पडतो का, कपाटाचं दार अडतं का, हे त्यातच कळतं.

शेगडीच्या वर किंवा अगदी शेजारी टीव्ही नको. लाकूड-कोळशाच्या शेगडीच्या वरची हवा पडद्याला फार गरम. दार, खिडकी आणि वायुवीजनाची भोकं यांवरही काही येऊ देऊ नका. बोटींच्या सुरक्षिततेची तपासणी दर ४ वर्षांनी होते आणि तिच्यात ही भोकं मोकळी आहेत का ते बघतात. ती असतात शेगडीच्या विषारी वायूपासून तुमचा जीव वाचवण्यासाठी, म्हणून तपासणी नसतानाही मोकळी ठेवा.

भिंतीवर बसवणं

घरातल्यासारखी विटांची भिंत इथे नाही. पार्टिशन म्हणजे बहुधा ९ किंवा १२ मिलिमीटरचं प्लायवूड, त्याच्यामागे पट्ट्या. नुसत्या प्लायमध्ये स्क्रू मारला तर हलत्या हाताच्या स्टँडचं वजन तो फार काळ धरत नाही. पट्ट्या ठोकून शोधा, आणि पट्टीपासून पट्टीपर्यंत पोचेल असा १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा आधी पक्का करा. स्टँड त्याच्यावर.

बाजूच्या भिंतीत आणखी काळजी घ्यायची. अस्तराच्या फळीमागे फोम, फोममागे सुमारे ४ मिलिमीटरचा पोलादी पत्रा, आणि मधून कुठूनही वायरी गेलेल्या असतात. स्क्रूची लांबी फळी अधिक पट्टी यांपेक्षा कमीच ठेवा. भोक पाडण्याआधी वायर शोधणारं यंत्र फिरवा, आणि पाडताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद ठेवा.

स्टँड कॅरॅव्हॅनसाठी मिळतो तसला, खटका लावून जागच्या जागी अडकवता येणारा घ्या. लॉकमध्ये शिरताना बोट भिंतीला घासते, कधी दणका बसतो, आणि खटका नसलेला हात सरळ फिरून खिडकीवर जातो. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर असतं. दोन्हींना चालणारा स्टँड बघून घ्या.

वायर

कमी दाबाच्या विजेत वायरची जाडी फार महत्त्वाची. टीव्ही ३ अँपिअर घेतोय आणि फ्यूजबोर्डपासून १० मीटरवर आहे असं धरा. जाऊन-येऊन २० मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच पडतात. अडीचमध्ये ०.४५ च्या आसपास, चारमध्ये ०.३ च्या खाली. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना दाब आणखी खाली जातो, आणि बारीक वायरवरचा टीव्ही त्याच क्षणी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. टीव्ही बिघडलाय असं वाटून लोक दुकानात परत नेतात. मी चार चौरस मिलिमीटरची घ्या असंच सांगेन. फरक काही पौंडांचा असतो आणि भिंत पुन्हा उघडावी लागत नाही.

वायर बोटींसाठीची, अनेक बारीक तारांची आणि कल्हईदार तांब्याची घ्या. घरातली एकसंध तारेची वायर इंजिनाच्या थरथरीने जोडाशी तुटते. टीव्हीची वायर वेगळी, तिचा फ्यूज वेगळा, बहुतेक वेळा ५ अँपिअरचा, आणि तो फ्यूजबोर्डाच्या टोकाला. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, टीव्हीला नव्हे. ऋण तारही परत फ्यूजबोर्डापर्यंत न्या. गाडीत करतात तसं बोटीच्या पत्र्याला जोडू नका, त्याने बोटीचा पत्रा पाण्याखाली गंजत जातो. जुन्या बोटीत पॉलिस्टायरीनचं अस्तर असेल तर पीव्हीसीची वायर त्याला टेकू देऊ नका, दोघांच्या संपर्काने वायरचं आवरण कालांतराने कडक आणि ठिसूळ होतं. पाइपातून न्या. गॅसच्या नळीपासूनही अंतर ठेवा.

अँटेना

पोलादी बोटीच्या आत ठेवायचा छोटा अँटेना विकत घेऊ नका. चारी बाजूंचा पत्रा लहरींना आत येऊच देत नाही. खिडकीत ठेवून कधीतरी दोन वाहिन्या दिसतात, तेवढंच.

छतावर लॉग-पिरिऑडिक प्रकारचा अँटेना लावा. माशाच्या काट्यासारखा दिसतो, सगळ्या वारंवारिता सारख्याच पकडतो आणि एका दिशेने बघतो. सगळीकडून पकडणारे गोल अँटेने दिसायला सोपे वाटतात, पण दरीत किंवा झाडीत त्यांचा उपयोग कमी होतो. अँटेना दोन-तीन मीटरच्या, एकात एक सरकणाऱ्या दांड्यावर घ्या. दांडा लोहचुंबकाच्या बुडाने छतावर उभा राहतो किंवा मागच्या डेकवर पक्क्या कड्यात बसतो. दांडा उभा करण्याआधी वर बघा. कालव्यांवरून विजेच्या तारा जागोजाग जातात. तारा असतील तिथे दांडा उभा करायचाच नाही. वादळात आणि प्रवासात तो खाली. कमानीचे पूल आणि हेअरकॅसलसारखे बुटके बोगदे काहीही सोडत नाहीत.

दिशा कशी ओळखायची? फ्रीव्ह्यू, म्हणजे अँटेनावर मोफत मिळणारी टीव्ही सेवा, हिच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की जवळचा मनोरा कळतो. बोटीला पिनकोड नसतो, म्हणून जवळच्या पबचा टाका. याहून सोपी युक्ती म्हणजे काठावरच्या घरांची छपरं बघणं. सगळे अँटेने ज्या दिशेला तोंड करून आहेत ती दिशा तुमची. त्यांचे काटे आडवे आहेत की उभे, तेही बघा आणि तुमचा अँटेना तसाच फिरवा. मोठे मनोरे, म्हणजे लंडनचा क्रिस्टल पॅलेस, बर्मिंगहॅमजवळचा सटन कोल्डफील्ड, लँकेशरमधला विंटर हिल, आडव्या काट्यांचे. हेब्डन ब्रिज किंवा टॉडमॉर्डनसारख्या खोल दऱ्यांत छोटे उपमनोरे असतात, ते बहुतेक उभ्या काट्यांचे. उपमनोऱ्यांवरून वाहिन्याही कमी येतात, तेव्हा यादी अर्धीच दिसली तर तुमचं काही चुकलेलं नाही.

ॲम्प्लिफायर लावायचा तर दांड्यावर, अँटेनाजवळ. टीव्हीच्या मागे लावलेला वायरीत मिसळलेली खरखरही मोठी करतो. आणि मनोऱ्याच्या जवळ असाल तर तो काढून टाका. सिग्नल अति झाला तरी चित्र चौकोनी तुकड्यांत फुटतं.

वायर उपग्रहासाठीची दुहेरी कवचाची घ्या. ती खिडकीतून किंवा छतावरच्या हवेच्या टोपीतून आत आणण्याची सवय बऱ्याच बोटींवर दिसते. त्याने पाणी येतं आणि हवेची वाट अडते. छताला व्यवस्थित भोक पाडा, कडांना गंजरोधक रंग लावा, जलरोधक सॉकेट बसवा आणि भोवती सिकाफ्लेक्ससारखं सीलंट भरा. सॉकेटच्या आधी वायर जरा खाली लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथूनच गळून जाईल.

चित्र अधूनमधून फुटत असेल तर अँटेनाला दोष देण्याआधी एकेक वस्तू बंद करून बघा: एलईडी दिवे, सौर पॅनेलचा कंट्रोलर, फोन चार्ज करणारे स्वस्त कन्व्हर्टर. यांच्यातून निघणारा गोंगाट टीव्हीच्या वायरीत शिरतो. वायरीवर फेराइटची कडी अडकवल्याने बऱ्याचदा भागतं.

डिश

अँटेनाला काही मिळत नाही अशा दरीत डिश कामाला येते. ६० सेंटिमीटरची पुरते. ब्रिटनच्या मोफत वाहिन्या पूर्वेकडे २८.२ अंशांवरच्या उपग्रहांवरून येतात. इंग्लंडमधून ती दिशा होकायंत्रावर सुमारे १४० ते १४८ अंश, म्हणजे आग्नेय आणि दक्षिण यांच्यामध्ये, आणि क्षितिजापासून २२ ते २६ अंश वर. त्या बाजूला १० मीटर उंच झाड २० मीटरांच्या आत असेल तर दुसरी जागा बघा. होकायंत्र किंवा फोन बोटीवर धरू नका, पोलाद सुई भरकटवतं. टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर, चार पावलं लांब जाऊन दिशा घ्या आणि तिथे दिसणारी एखादी खूण धरून डिश वळवा. डिश जवळजवळ उभी दिसते, तशीच ती बरोबर असते. जर्मन वाहिन्या लागल्या तर तुम्ही १९.२ अंशांच्या उपग्रहावर आहात, डिश थोडी डावीकडे फिरवा. तिवई छतावर ठेवा, टोपाथवर नको. तिथून सायकली जातात, आणि अंधारात वायर दिसत नाही.

डिशची मोठी सोय अशी की देशात कुठेही गेलात तरी उपग्रह तोच आणि वाहिन्या त्याच. अडचण एवढीच की नदीवर किंवा सैल बांधलेल्या बोटीवर डिश डुलते आणि चित्र जातं. दोर घट्ट बांधा.

इंटरनेट

मराठी काही बघायचं तर अँटेनावर आणि डिशवर ते मिळत नाही. झी मराठीच्या मालिका झी५ वर, बाकीचं आपापल्या ॲपवर. त्यासाठी सिमकार्डाचा राउटर आणि छतावर त्याचा बाहेरचा अँटेना हवा. साध्या दर्जाचं चित्र तासाला सुमारे १ जीबी घेतं, एचडी ३ जीबीपर्यंत. राउटरलाही वीज लागते, तीही वरच्या हिशेबात धरा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा, कारण एकीचा सिग्नल नसतो तिथे बऱ्याचदा दुसरीचा असतो.

प्रत्येक मुक्कामावर

बोट नव्या मनोऱ्याच्या टप्प्यात गेली की टीव्ही पुन्हा ट्यून करावा लागतो. ट्यूनिंग सुरू करताना अँटेना आधीच नव्या दिशेला वळवलेला असू द्या, नाहीतर रिकामी यादी साठवली जाते. जुन्या वाहिन्या पुसायच्या का असं विचारलं तर हो म्हणा. थंडीत बोट काही दिवस बंद असेल तर परतल्यावर आधी शेगडी पेटवा, बोट गरम होऊन टीव्हीवरचा दमटपणा पूर्ण सुकू द्या, मग स्विच लावा. निघताना क्रम उलटा: टीव्ही बंद, स्टँडचा खटका लावलेला, दांडा खाली आणि छतावर बांधलेला, वायर गुंडाळून आत, मग दोर सोडायचे.